खानदेशातून बायोस्टॅटिस्टिक्सकडे: मेंदूचे आजार मोजायला शिकायचं असेल तर

गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी गेले होते. शेजारच्या काकूंनी विचारलं, "म्हंजे तू डाक्टर शे का?" नाही म्हटलं. "मंग दवाखानामा काय करस?" माझ्या वडिलांनी मधेच उत्तर दिलं, "आकडे लिखस." खरं तर तेही पूर्ण बरोबर नाही, आकडे लिहितात नर्स आणि डॉक्टर. मी ते आकडे वर्षभर कसे बदलत गेले ते पाहते.

पार्किन्सन, अल्झायमर, एएलएस (यात स्नायू हलवणाऱ्या नसा निकामी होत जातात) हे आजार हळूहळू वाढतात. कोणत्या रुग्णाचा आजार किती वेगाने वाढतोय, आणि नवं औषध तो वेग खरंच कमी करतंय का, हे गणिताने सांगायचं, एवढंच माझं काम. यालाच बायोस्टॅटिस्टिक्स म्हणतात. मी अमळनेर तालुक्यातली, आता पुण्यात नोकरी करते. या कामाकडे येताना मला रस्ता दाखवणारं कोणी नव्हतं, त्यामुळे दोन वर्षं फुकट गेली. यावल, पारोळा, शिरपूरकडच्या मुलामुलींचे फोन येतात आणि प्रश्न तेच असतात, म्हणून हे एकदा सविस्तर लिहून ठेवते.

१. अकरावीला गणित सोडू नका

ही पायरी सगळ्यात आधी, कारण इथे चुकलेलं नंतर दुरुस्त करणं महागात पडतं. आपल्याकडे हुशार मूल म्हणजे नीट, हे ठरलेलं. लातूरला किंवा कोटाला पाठवायचं, जीवशास्त्र घ्यायचं आणि गणिताला रामराम. नीट नाही झाली की बी.एस्सी.ला येतात आणि तेव्हा कळतं की संख्याशास्त्र घ्यायला बारावीचं गणित लागतं. 'बायो' हा शब्द ऐकून फसू नका. या कामात जीवशास्त्र नंतर शिकता येतं, मीही तसंच शिकले. कॅल्क्युलस आणि संभाव्यता मात्र वयाच्या अठराव्या-विसाव्या वर्षीच अंगात मुरलेली बरी.

बी.एस्सी.ला संख्याशास्त्र मुख्य विषय ठेवा. आपल्या भागातल्या सगळ्या कॉलेजांत तो मुख्य विषय म्हणून मिळत नाही. प्रवेश घेण्याआधी तिसऱ्या वर्षाला तो विषय तिथे चालतो का, हे प्राचार्यांना नाही, तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा.

२. कागदपत्रं: तलाठ्यापासून दिल्लीपर्यंत

अभ्यासापेक्षा मला कागदांनी जास्त रडवलं. ही यादी कपाटाच्या दारावर चिकटवून ठेवा:

– दहावी, बारावी आणि पदवीच्या सर्व सत्रांच्या गुणपत्रिका
– शाळा सोडल्याचा दाखला आणि कॉलेजची टीसी
– विद्यापीठ बदलत असाल तर मायग्रेशन सर्टिफिकेट
– अधिवास आणि उत्पन्नाचा दाखला
– लागू असेल तर जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेअर किंवा ईडब्ल्यूएस
– आधार, आणि शक्य असेल तर पासपोर्ट

यात दोन खड्डे आहेत. राज्याच्या प्रवेशासाठी काढलेलं नॉन-क्रिमीलेअर केंद्राच्या संस्थांना चालत नाही. केंद्राचा नमुना वेगळा असतो आणि तो चालू आर्थिक वर्षात काढलेला लागतो. सेतू केंद्रात नुसतं 'नॉन-क्रिमीलेअर द्या' म्हटलं की राज्याचंच हातात पडतं. माझं तसंच झालं, आणि एका संस्थेची पहिली फेरी हुकली.

दुसरा खड्डा नावाचा. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर नाव आधी, बँकेत वडिलांचं नावच गायब. परीक्षेचा फॉर्म भरण्यापूर्वी सगळीकडे एकच क्रम करून घ्या. जात वैधतेला तर वेळ लागतोच, ते बारावीतच सुरू करा.

३. एम.एस्सी. कुठे करायची

घराजवळचा पर्याय कमी लेखू नका. जळगावला बांभोरीजवळ गिरणेच्या पुलापलीकडे आपलं विद्यापीठ आहे. १९९० साली ते उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ म्हणून सुरू झालं आणि २०१८ पासून त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचं नाव आहे. तिथे संख्याशास्त्राची एम.एस्सी. होते. पाया पक्का करायला ती पुरेशी आहे. पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग आहे. आयआयटीत जायचं असेल तर जॅम परीक्षेत 'मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्स' हा पेपर असतो. फॉर्म साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुटतात, परीक्षा फेब्रुवारीत. म्हणजे कापसाच्या वेचणीत फॉर्म भरायचा आणि हरभरा काढायच्या वेळेला परीक्षा. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटची परीक्षा वेगळी असते. ती अवघड आहे, पण तिथले जुने पेपर सोडवून जो आत्मविश्वास येतो तो निवड नाही झाली तरी टिकतो.

थेट बायोस्टॅटिस्टिक्समध्येच पदव्युत्तर शिक्षण हवं असेल तर मुंबईत देवनारची आयआयपीएस ही लोकसंख्या-अभ्यासाची संस्था, वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि बंगळुरूचं निम्हान्स हे मेंदू आणि मनाच्या आजारांचं रुग्णालय-संस्थान ही नावं लक्षात ठेवा. मेंदूच्या आजारात रस असेल तर निम्हान्स विशेष, कारण तिथे संख्याशास्त्रज्ञ आणि न्यूरॉलॉजिस्ट एकाच आवारात असतात. भुसावळहून कर्नाटक एक्सप्रेस थेट जाते, त्यामुळे 'पोरगी एवढ्या लांब' हा घरचा मुद्दा निम्मा तिथेच मिटतो.

'सहा महिन्यांत क्लिनिकल रिसर्च, नोकरीची हमी' असे फलक लावणाऱ्या क्लासपासून सावध. माझ्या मावसभावाने एका क्लासला मोठी फी भरली. शिकवलं काय, तर औषध चाचणीचे टप्पे आणि फाइली कशा लावायच्या. त्याने बायोस्टॅटिस्टिशियन होता येत नाही.

४. आर शिका, आजपासून

आर ही आकडेमोडीसाठीची प्रोग्रॅमिंग भाषा फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालते. कंपन्यांत सॅस हे सॉफ्टवेअरही लागतं. त्याची विद्यार्थ्यांसाठीची ऑनलाइन आवृत्ती, सॅस ऑनडिमांड फॉर अकॅडेमिक्स, विनामूल्य मिळते. लोडशेडिंग आणि नेटचं काय, हे मी सांगायला नको. आर एकदा उतरवून घेतलं की नेटशिवाय चालतं, म्हणून सुरुवात तिथून.

सरावासाठी लांब जायची गरज नाही. आरच्या 'एलएमई४' (lme4) नावाच्या पॅकेजमध्ये 'स्लीपस्टडी' हा डेटा आयता मिळतो: १८ माणसं, झोप कमी करून रोज त्यांचा प्रतिक्रियेचा वेळ मोजलेला, एकूण १८० ओळी. बहुतेक जण लगेच दिवस शून्यपासून सरळ रेषा ओढतात. पण त्याच डेटाचं मदतपान उघडून वाचा. दिवस शून्य आणि एक सरावाचे होते, दिवस दोन हा तुलनेसाठी धरलेला सुरुवातीचा, आणि जागरण त्याच्यानंतर सुरू झालं. म्हणजे ओढलेल्या रेषेची सुरुवातच चुकली. डेटाबरोबर आलेला कागद आधी वाचायचा, ही सवय इथेच लावून घ्या.

५. मोजपट्टी ओळखा

आता खरा विषय. रक्तदाब पाऱ्याने मोजता येतो. स्मरणशक्ती कशाने मोजणार? प्रश्न विचारून. आणि प्रश्न आला की भाषा आली, शाळा आली, विचारणाऱ्याचा मूडही आला.

या क्षेत्रात रोज भेटणाऱ्या पट्ट्या अशा. अल्झायमरमध्ये एमएमएसई, स्मरणशक्ती आणि भान तपासणारी छोटी प्रश्नावली, ० ते ३० गुण, कमी म्हणजे वाईट. एडीएएस-कॉगची ११ भागांची आवृत्ती ० ते ७०, तिथे जास्त म्हणजे वाईट. सीडीआर-एसबी, स्मरणशक्तीबरोबर रोजच्या जगण्यात किती अडतंय तेही पाहणारी, ० ते १८, तिथेही जास्त म्हणजे वाईट. पार्किन्सनसाठी एमडीएस-यूपीडीआरएस, २००८ मध्ये सुधारून आलेली. तिच्या तिसऱ्या भागात डॉक्टर हालचाल तपासून १३२ पैकी गुण देतात. एएलएससाठी एएलएसएफआरएस-आर, ० ते ४८, कमी म्हणजे वाईट. कोणती पट्टी कुठल्या दिशेने वाईट होते हे पाठच करा. पहिल्या महिन्यात मी एका आलेखात उलटी दिशा धरली आणि औषध रुग्णांना बिघडवतंय असा निष्कर्ष घेऊन मीटिंगमध्ये बसले होते.

आता माझ्या आजीची गोष्ट. तिला विसराळूपणा वाढला म्हणून एका दवाखान्यात नेलं. तपासणाऱ्या मुलाने विचारलं, "आजी, कोणता महिना चालू आहे?" आजी म्हणाली, "आखाजीना महिना." त्याने शून्य दिला. आखाजी वैशाखातच येते आणि तेव्हा वैशाखच चालू होता. शिवाय सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या करारावरच्या शेतगड्याचं, साल आखाजीला बदलतं, म्हणजे आजीच्या हिशेबात वर्षाची सुरुवातच ती. तिचं उत्तर बरोबर होतं, पट्टी चुकीची होती. अहिराणी बोलणाऱ्या, शाळेत न गेलेल्या माणसाला प्रमाण मराठीत कागदी प्रश्न विचारले की असे दोन-चार गुण सहज गळतात. हरियाणातल्या बल्लभगढमध्ये निरक्षर वृद्धांना चालेल अशी एमएमएसईची हिंदी आवृत्ती मुद्दाम घडवली गेली आणि ती १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली, ती याच कारणासाठी.

म्हणून डेटा हातात आला की विचारा: कोणी तपासलं, कुठल्या भाषेत, दरवेळी तोच तपासनीस होता का? दुसऱ्या भेटीत गुण वाढलेले दिसले तर लगेच आनंदू नका, तेच प्रश्न पुन्हा आल्याने सरावाने गुण वाढतात. पार्किन्सनमध्ये आणखी एक गोम. लेवोडोपाची गोळी घेतल्यावर तपासलं, त्याला 'ऑन' म्हणतात, आणि गोळीचा असर उतरल्यावर तपासलं तर 'ऑफ'. एकाच माणसाचे एकाच दिवशीचे गुण यात खूप बदलतात. फाइलमध्ये ऑन-ऑफचा रकाना नसेल तर मॉडेल करायच्या आधी डॉक्टरांकडे जा. पंधरा मिनिटांचा चहा होतो आणि चार आठवडे वाचतात.

६. मॉडेल: केळीच्या बागेतून

प्रत्येक रुग्ण वेगळ्या पातळीवरून सुरू होतो आणि वेगळ्या वेगाने घसरतो. सगळ्यांची मिळून एक सरासरी रेषा, आणि प्रत्येकाची त्या रेषेपासून थोडी वर-खाली, थोडी जास्त-कमी तिरकी अशी स्वतःची रेषा: याला मिक्स्ड मॉडेल म्हणतात. लेअर्ड आणि वेअर यांनी १९८२ मध्ये मांडलेली ही चौकट आजही रोजच्या भाकरीसारखी वापरली जाते. ज्याने केळी लावली आहे त्याला ही कल्पना नव्याने सांगावी लागत नाही. एकाच दिवशी लावलेली, एकाच ठिबकवरची खोडंसुद्धा सारखी वाढत नाहीत. एक निसवतं, शेजारचं अजून पानंच काढत असतं.

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी मी आमच्याच मृगबागेतली साठ खोडं धरली होती. दर पंधरा दिवसांनी उंची आणि पानं मोजायची. शेवटी रेषा इतकी सुरेख आली की मी खूश. सरांनी फाइल पाहिली आणि विचारलं, "साठातली नऊ खोडं कुठे गेली?" मला माहीतच नव्हतं. वडिलांना फोन केला. ते म्हणाले, "हरण्या पडेल होता, उपटी फेकना." सीएमव्ही विषाणूचा रोग, आपल्याकडे त्याला हरण्या म्हणतात, रोगट खोड ठेवलं तर शेजारच्यांना लागतो, म्हणून उपटतातच. खुजी, आजारी खोडं मोजणीतून गेली आणि उरलेल्यांची सरासरी छान दिसू लागली. बागेची वाढ सुधारली नव्हती.

रुग्णांचंही हेच होतं. अठरा महिन्यांच्या अभ्यासात शंभर जण घेतले आणि शेवटच्या भेटीला सत्तर आले, तर ते तीस का आले नाहीत हे शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. रुबिन यांनी १९७६ मध्ये गैरहजेरीचे जे प्रकार मांडले ते आपल्या भाषेत असे सांगता येतील. घरात कापूस वेचणी होती, सोबत यायला कोणी नव्हतं म्हणून भेट चुकली. याचा आजाराशी संबंध नाही, फार नुकसान नाही. मागच्या भेटीतच गुण खूप घसरले होते आणि त्यानंतर यायचं थांबले; ही घसरण आपल्याकडे नोंदलेली आहे, मिक्स्ड मॉडेल ती बऱ्यापैकी सांभाळतं. तिसरा प्रकार वाईट: मागच्या भेटीला ठीक होते, मधे पडले, अंथरुणाला खिळले, आणि हे आपल्या फाइलमध्ये कुठेच नाही. इथे मॉडेल आपोआप काही वाचवत नाही. 'न आलेल्यांची अवस्था इतकी-इतकी वाईट असती तर निष्कर्ष टिकला असता का' अशी वेगवेगळी गृहीतकं धरून तपासावं लागतं.

जुना एक शॉर्टकट अजून शिकवला जातो: शेवटचा नोंदलेला आकडाच पुढे ओढायचा. वाढत जाणाऱ्या आजारात हे करू नका. माणूस घसरतच असतो, आणि आपण त्याला बऱ्या अवस्थेत गोठवून ठेवतो. औषधाच्या गटातले लोक दुष्परिणामांमुळे लवकर बाहेर पडले, तर त्यांचे आकडे चांगल्या जागी गोठतात आणि औषधच गुणकारी दिसतं.

मृत्यू किंवा व्हेंटिलेटर असा घटनेचा काळ आणि गुणांची घसरण एकत्र पाहायची असेल तर जॉइंट मॉडेल लागतं. आजाराच्या पायऱ्या असतील तर मल्टिस्टेट मॉडेल, आरमध्ये त्याला 'एमएसएम' पॅकेज आहे. ही दोन्ही पुढच्या वर्षासाठी ठेवा. आधी घटना घडेपर्यंतचा काळ पाहणारं कॉक्स मॉडेल, १९७२ चं, आणि मिक्स्ड मॉडेल हे दोन इतके पक्के करा की फळ्यावर समजावता येतील.

आणखी एक, टक्क्यांचं. लेकॅनेमॅब या अल्झायमरवरच्या औषधाच्या मोठ्या चाचणीत १,७९५ रुग्ण होते. १८ महिन्यांनी सीडीआर-एसबी औषधाच्या गटात सरासरी १.२१ ने वाढला, दुसऱ्या गटात १.६६ ने. फरक ०.४५. याला 'घसरण २७ टक्के कमी' असंही म्हणता येतं आणि '१८ गुणांच्या पट्टीवर अर्ध्या गुणापेक्षा कमी' असंही. दोन्ही खरं आहे. तुमच्या अहवालात दोन्ही लिहा, मग डॉक्टर आणि घरचे काय ते ठरवतील. मला विचाराल तर नुसता टक्का लिहिणारा अहवाल मी परत पाठवते.

७. खरा डेटा कुठून आणायचा

रुग्णांचा डेटा अभ्यासकांना देणारे तीन प्रकल्प सांगते. अल्झायमरसाठी एडीएनआय, २००४ पासून चालू. पार्किन्सनसाठी पीपीएमआय, २०१० पासून. एएलएससाठी प्रो-ॲक्ट, यात जुन्या औषध चाचण्यांचा डेटा एकत्र केलेला आहे. तिन्ही ठिकाणी अर्ज करावा लागतो: तुम्ही कोण, कुठल्या संस्थेत, डेटाचं काय करणार. कॉलेजचा ईमेल आणि मार्गदर्शकांचं नाव असलं की सोपं जातं. हेतू चार ओळींत स्पष्ट लिहा, 'मशीन लर्निंग करायचं आहे' एवढंच लिहू नका. करार वाचून मगच सही करा. हा डेटा मित्राला पेनड्राइव्हवर देणं म्हणजे करारभंग, भले तो रूममेट असो.

हे रुग्ण बहुतांश अमेरिका-युरोपातले, शिकलेले, स्वतःहून अभ्यासात आलेले आहेत. त्यांच्या घसरणीचा वेग जसाच्या तसा नंदुरबारच्या आजोबांना लावायचा नाही.

इथल्या दवाखान्यातला डेटा वापरायचा असेल तर नैतिकता समितीची मंजुरी आधी लागते, नंतर नाही. गुड क्लिनिकल प्रॅक्टिसचं, म्हणजे रुग्णांवरचे अभ्यास कसे करायचे त्या नियमांचं, प्रशिक्षण ऑनलाइन करून प्रमाणपत्र जवळ ठेवा, मुलाखतीत विचारतात.

८. पहिली नोकरी

जाहिरातीत 'स्टॅटिस्टिकल प्रोग्रॅमर' आणि 'बायोस्टॅटिस्टिशियन' ही दोन वेगळी पदं आहेत. पहिल्यात तक्ते आणि आलेखांचा कोड लिहायचा, दुसऱ्यात विश्लेषणाची योजना ठरवायची. नवख्याला पहिलं लवकर मिळतं, आणि तिथून दुसरीकडे जाता येतं. सीडिस्क या संस्थेचे एसडीटीएम आणि ॲडॅम हे डेटा मांडायचे नियम निदान तोंडओळखीपुरते वाचून जा. आयसीएच ई९ ही औषध चाचण्यांतल्या संख्याशास्त्राची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका आणि २०१९ ची तिची पुरवणी हीसुद्धा वाचा. पुरवणीत 'एस्टिमंड' हा शब्द आहे: आपण नेमका कोणता परिणाम मोजतोय, रुग्णाने मधेच दुसरं औषध सुरू केलं तर त्याचं काय, हे आधीच लिहून ठेवायचं. इंग्रजी अडखळत असेल तर अडखळू द्या. माझ्या मुलाखतीत मी केळीची नऊ खोडं सांगितली होती, अर्धं मराठीत.

कामावर पहिले काही महिने तेच तक्ते दोन जण स्वतंत्रपणे बनवतात आणि आकडे जुळवून पाहतात. माझा पहिलाच तक्ता दुसऱ्या प्रोग्रॅमरशी जुळेना. दोन दिवस दोघींनी एकमेकींचा कोड तपासला, कोडमध्ये चूक नव्हतीच. एक रुग्ण बाराव्या महिन्याच्या भेटीला साडेतेराव्या महिन्यात आला होता. तिने 'भेट १२' असं धरलं, मी तारखेने. योजनेत त्यासाठी किती दिवसांची मुभा आहे ते छापलेलं होतं, पान सतरावर, आणि आम्ही दोघींनीही ते पान उघडलं नव्हतं.